प्रार्थनेचं तेल

मी पोलादपूरच्या बाजारात ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक बाई समोर उभी राहते, मी टेप लावते, आणि ती स्वतःच्या अंगाची उणीदुणी काढायला लागते. दंड जाड आहेत, बाही लांब ठेव. मान काळी आहे, मागून गळा फार खोल नको. पाठ बंद कर बाई, पाठीवर पुरळ आहे. इतकी वर्षं शिवतेय, पण माझी पाठ छान आहे, जरा दिसू दे, असं म्हणणारी एक बाई अजून भेटायची आहे. दुसरीच्या अंगाबद्दल मात्र प्रत्येकीला सगळं पक्कं माहीत असतं. तेव्हा सौंदर्य या विषयावर मला कोणी शिकवू नये. मी रोज तेच मापते.

तरी शिकवायला आल्याच बाया, आणि त्या माझ्या लेकीच्या निमित्ताने आल्या.

ती सातवीत होती तेव्हा तिच्या डाव्या गालावर तिळाएवढा पांढरा ठिपका उठला. मला वाटलं, जंत असतील. मग तो वाढला, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीकडे सरकत गेला. महाडला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कोड आहे, कोणाला लागत नाही, दुखत नाही, मलम लावा आणि धीर धरा. एवढंच. डॉक्टरांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं, ते काही लोकांना पुरेना. माझ्या दुकानात खेड्यातली बाई आली की आधी पोरीकडे बघायची, मग माझ्याकडे. "काय झालंय गो तिच्या गालाला? मासं खाऊन दूध प्याली असंल." मी म्हणायची, "नाय गो, आमच्याकडं दुधाला पैसं नायत आणि माशाला बी नायत." तोंड बंद व्हायचं, डोळे बंद होत नव्हते.

या बाया परवडल्या. त्या निदान दूध-माशांवर थांबत होत्या.

आम्ही ख्रिस्ती. महाडला हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल भाड्याने घेतलाय, तिथे दर रविवारी आमची मंडळी उपासनेला जमते. बहुतेक सगळी एमआयडीसीत कामाला आलेली कुटुंबं, कोणी नगरचं, कोणी जालन्याचं. आमचे हेसुद्धा तिथल्याच एका कारखान्यात शिफ्टला जातात. तर लेकीच्या गालाची बातमी मंडळीत फुटली आणि एकेकीच्या अंगात ज्ञान संचारलं. एक म्हणाली, घरात कोणी मनात राग धरून बसलंय का बघा. एक म्हणाली, आजोळी कोणी अजून मूर्ती ठेवतं का? तिसरी तर मला जिन्यात गाठून म्हणाली, "ताई, लग्नाआधीचं काही असेल तर कबूल करून टाका. लेकराला भोगावं लागतं." मी तिला म्हटलं, "लग्नाआधी मी फक्त शिलाई शिकले. ते पाप असेल तर तुमच्या अंगावरचा ब्लाउज आत्ता काढून द्या." ती पुढे महिनाभर माझ्याशी बोलली नाही. फार बरं वाटलं मला.

मग सुरू झालं तेल. पाळकसाहेबांच्या टेबलावर एक छोटी काचेची बाटली असते, मेडिकलमधून आणलेल्या ऑलिव्ह तेलाची. आजाऱ्याला ते लावून प्रार्थना करायची, ही आमच्याकडची रीत. रीत चांगलीच आहे, मीही पोरीच्या तापात रात्र रात्र गुडघ्यावर बसलेली आहे. पण इथे दर रविवारी उपासना संपली की माझ्या लेकीला पुढे बोलवायचे, सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसवायचे, गालाला तेल चोळायचे आणि पाळकसाहेब त्या डागाला दरडावायचे, "निघून जा!" देव काय बहिरा आहे? आणि डाग काय गोठ्यात शिरलेलं कुत्रं आहे? पोरगी तशीच तेलकट गालाने मोटरसायकलवर मागे बसायची आणि पोलादपूरला पोहोचेपर्यंत हायवेची निम्मी धूळ त्या गालावर चिकटलेली असायची. घरी आल्यावर मी साबणाने धुवायची. डाग जिथल्या तिथे.

आता पाळकीणबाईंबद्दल सांगते. म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी. बाई साधेपणासाठी प्रसिद्ध. अंगावर दागिना म्हणून नाही, कुंकू-बांगडीचा प्रश्नच नाही, साडी नेहमी पांढरी. बघणाऱ्याला वाटावं, काय हा विरक्तपणा! त्या विरक्तपणाचा ब्लाउज मी शिवते. खांद्यावर केसाएवढी चुणी आली म्हणून तो तीनदा माझ्याकडे परत आलाय. कांजी केलेल्या साडीची घडी मोडू नये म्हणून बाई उपासनेत गुडघ्यावर बसत नाहीत, नुसत्या वाकतात. साधेपणाचा असा थाट करायला सोनं घालण्यापेक्षा जास्त मेहनत लागते.

या बाईंनी मुलींचा वर्ग काढला. विषय, अंतःकरणाचं सौंदर्य. बाहेरचं रूप फसवं, देव आत बघतो, नम्र आणि शांत मन हाच स्त्रीचा खरा दागिना, वगैरे. बोलणं सगळं खरं. मी स्वतः ते मानते. पण मी मागे चहाचे कप मांडत होते आणि मला दिसत होतं, की 'आतलं सौंदर्य' म्हणताना बाईंची नजर दर वेळी माझ्याच पोरीवर येऊन थांबत होती. बाकीच्या मुली आपापल्या वेण्यांशी खेळत होत्या. त्यांच्यासाठी तो विषयच नव्हता.

लेकीला हे माझ्याआधी कळलं होतं. घरी आल्यावर ती काज करायला बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "आई, आतलं सौंदर्य फक्त माझ्यासारख्यांसाठी असतं का गं? त्या गोऱ्या मुलींना कोणी सांगत नाही ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तिचं खरं होतं. पण आईने काहीतरी शहाणं बोलायला हवं, म्हणून मी माझ्या धंद्यातलं बोलले. म्हटलं, हे बघ, ब्लाउजला अस्तर असतं. वरचं कापड कितीही भारी घे, अस्तर खरखरीत असेल तर दिवसभर अंगाला टोचतं. माणसाचंही तसंच. माणूस जवळ आला की त्याचं अस्तरच लागतं आपल्याला.

ती म्हणाली, "पण दुकानात अस्तर बघून कापड कोणी घेत नाही ना." आणि दोरा दाताने तोडला.

माझीच लेक ती, जिभेला माझ्यापेक्षा धार.

आता खरी गोष्ट. माझ्या लेकीचा गळा गोड आहे. आईने म्हणू नये, पण मी कशाला लाजू? ती लहानपणापासून मोरीत कपडे धुताना गायची, आणि शेजारच्या भाभी भिंतीपलीकडून ओरडायच्या, "और एक!" दर नाताळला मंडळीच्या कार्यक्रमात एका गाण्याचं पहिलं कडवं ती एकटी म्हणायची. ते कडवं तिचंच, असं सगळे धरून चालायचे. तर यंदा ठरलं, कार्यक्रम मोबाइलवरून सगळीकडे दाखवायचा. गावोगावचे नातेवाईक बघणार. झालं. सरावाच्या पहिल्याच दिवशी पाळकीणबाईंनी पोरीला दंडाला धरून शेवटच्या रांगेत नेलं, सर्वांत उंच मुलीच्या पाठीमागे. "इथे उभी राहा हं बेटा. पुढे लाइटचा प्रॉब्लेम येतो." आणि ते कडवं दिलं दुसरीला. गोरीपान पोरगी, स्वभावाने गरीब, पण आवाज असा की फरशीवरून पत्र्याची पेटी ओढावी.

देव अंतःकरण बघतो म्हणे. मग मोबाइल काय बघतो ते बाईंना बरोबर कळलं होतं!

त्या दिवसापासून माझ्या लेकीने गाणं बंद केलं. मोरीत नाही, ओट्यापाशी नाही, कुठेच नाही. भाभींनी मला विचारलं, पोरगी आजारी आहे का? डागाची मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. या गप्पपणाची वाटली. डाग गालावर होता, हे आत चाललं होतं. मी तिला म्हटलं, मागे तर मागे, तू गा, देवाला ऐकू जातं. ती म्हणाली, "देवाला ऐकू जातं तर मी घरीच बसते की. महाडपर्यंत कशाला जायचं?" मी मशीन चालवत बसले आणि पाळकीणबाईंच्या ब्लाउजला मुद्दाम एक टाका तिरका मारला. मग उसवला. आपला धंदा आहे.

पुढच्या रविवारी तो कार्यक्रम होता. हॉल झाडायची आणि चहाची पाळी माझी होती, म्हणून मी सकाळच्या एसटीने पुढे गेले. बाप-लेक मागून मोटरसायकलने येणार होते. मी चटया घातल्या, स्टोव्ह पेटवला, माणसं जमली. गाणी सुरू व्हायच्या बेताला हे दोघे आले. पोरीने तोंडाला गुंडाळलेली ओढणी सोडली.

दोन्ही गाल सारखे!

आधी पुढच्या रांगेतली एक बाई नुसती "अगं बाई" म्हणाली. मग जिन्यात मला पाप विचारणारी ती उठली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "प्रभूची स्तुती असो!" त्याबरोबर सगळा हॉल उठला. हालेलुया, हालेलुया! कोणी रडतंय, कोणी पोरीचा गाल दुरून न्याहाळतंय, हात लावायची हिंमत तेव्हाही कोणाला नव्हती. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. बिचारे खरंच भरून आले, त्यात खोटं नव्हतं. इतके महिने ज्या तेलाने काही होत नव्हतं ते शेवटी लागू पडलं, असं त्यांना वाटलं. आणि पाळकीणबाई! त्यांनी पोरीला चक्क मिठी मारली, कांजीची साडी चुरगळली तरी. तिला गायनमंडळाच्या पुढच्या रांगेत मधोमध उभं केलं आणि जाहीर केलं, "आज पहिलं कडवं हीच म्हणणार. पण आधी साक्ष देईल." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. ज्याच्या हातात मोबाइल होता तो तर गुडघ्यावर बसून तिचा चेहरा जवळून घ्यायला लागला. लाइटचा प्रॉब्लेम मिटला होता.

मी चहाची किटली हातात धरून भिंतीशी उभी. हाताखालून रोज कापड जातं माझ्या, जोड कुठे आहे ते मला लांबून दिसतं. पोरीच्या कानाच्या पाळीखाली रंग संपत होता आणि तिची खरी कातडी सुरू होत होती. तिथे बारीक कडा दिसत होती. क्रीम. आणि एकदम आठवलं, भाभींची, म्हणजे पोरीच्या चाचींची, नणंद गल्फहून आलीय, घरात लग्न आहे, नवरीच्या मेकअपचा डबा आलाय. मी यांच्याकडे बघितलं. हे दाराशी चपलांजवळ उभे होते आणि पंख्याकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पंख्याकडे बघायला लागले की मला कळतं. म्हणजे यांना सगळं माहीत होतं.

पाळकसाहेबांनी माइक तिच्या हातात दिला. "सांग बेटा, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं?"

ती माझ्याकडे बघत होती. मी काय केलं असेल? काही नाही. ती छान दिसत होती हो. पुढच्या रांगेत मधोमध, ताठ मानेने, आणि गाणं तिच्या अगदी ओठांवर आलेलं. एक शब्द बोलली असती, 'प्रभूने बरं केलं' एवढाच, तरी ते कडवं तिचं होतं. मला वाटत होतं, बोल. आणि मला वाटत होतं, नको बोलू गं. मी होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. किटलीचा कान हाताला भाजत होता तरी तशीच उभी राहिले.

ती माइकमध्ये म्हणाली, "मला पुढे उभं राहून गायचं होतं. म्हणून मी लावलं."

कोणाला काही कळलं नाही. एकदोघांनी सवयीने आमेन म्हटलं.

"क्रीम लावलंय," ती म्हणाली. "डाग आहे तिथेच आहे."

मग तिने पर्समधला रुमाल काढून गाल पुसला. काही निघेना. क्रीम पक्कं होतं, नवरी घामाघूम होऊन रडली तरी न जाणारं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, घरात बोलावं तसं, पाळकसाहेबांना म्हणाली, "पाण्याने नाही जात हे. चाचींनी सांगितलंय, तेल लागतं." आणि टेबलावरची ती बाटली उचलली, झाकण काढलं, रुमालावर ओतलं आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या गाल पुसायला लागली. घासून घासून. रुमाल तपकिरी होत गेला आणि डाग हळूहळू वर आला, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, जसा होता तसाच. इतक्या महिन्यांत त्या तेलाने पहिल्यांदा काहीतरी केलं होतं.

खाली दुकानात कोणीतरी लोखंडी पाइप टाकले, त्याचा आवाज आला तेवढाच.

ती बाटली जागेवर ठेवत म्हणाली, "थोडं उरलंय." पाळकसाहेब बाटलीकडे बघत राहिले. त्यांची मला दया आली, हे कबूल करते. त्यांच्या बायकोची नाही आली. कारण बाई तेवढ्यात सावरल्या होत्या. साडी नीट करत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "बेटा, देवाला असं फसवू नये."

मग मात्र मी किटली खाली ठेवली.

"देव कुठे फसला, बाई?" मी म्हटलं. माझा आवाज माइकशिवायच पुरतो. "त्याला डाग दिसत होता आणि वरचं क्रीमही दिसत होतं. फसलो ते आपण. डाग होता तेव्हा पोरीला मागे नेलं, दिसेना झाला तेव्हा पुढे आणलं. गळा तोच होता की!" कोणीतरी "ताई, बसा, ताई" म्हणत होतं. मी बसले नाही. पुढे गेले, पदराने पोरीच्या हनुवटीवरचं तेल टिपलं, सावकाश टिपलं, बघायचं त्यांनी बघून घ्यावं म्हणून. मग मी पाळकीणबाईंना विचारलं, "गाणं कुठलं आहे? ती इथूनच गाईल."

ज्याच्या हातात मोबाइल होता त्याने तो खिशात टाकला. ढोलकीवाल्या काकांनी मात्र, देव त्यांचं भलं करो, कोणाची परवानगी न विचारता ठेका धरला.

ती गायली. पहिल्या ओळीला आवाज फुटला, दुसरीलाही नीट लागला नाही. तिसरीपासून मात्र ती तिच्या सुरात आली. मोरीत जशी गाते तशी, मोकळी. मी बघितलं, त्या पेटी-आवाजाच्या गोऱ्या पोरीचे डोळे भरले होते. ती बिचारी पहिल्यापासूनच ते कडवं गायला घाबरत होती, तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

पुढे मंडळीत बरीच कुजबुज झाली, अजूनही चालू असेल. पोरगी उद्धट आहे म्हणे. आईवर गेलीय म्हणे. पाळकीणबाईंनी ब्लाउज शिवायला दुसरीकडे टाकला, त्याच्या खांद्याला चुणी पडते असं मला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून कळलं. मी कोणाच्या दुःखात आनंद मानणारी नाही, पण एवढा मानला.

त्या दिवशी यांची सेकंड शिफ्ट होती, हे परस्पर कारखान्यात गेले. जाताना पोरीच्या डोक्यावर टपली मारली आणि माझी नजर चुकवली. आम्ही दोघी एसटीने निघालो. ती खिडकीशी बसली, डावा गाल माझ्या बाजूला. ओढणी मांडीवर होती, तोंडाला गुंडाळलेली नव्हती. समोरची बाई वळून वळून बघत होती, मी तिच्याकडे असं बघितलं की ती पोलादपूर येईपर्यंत सरळ बसली.

मग लेकीने विचारलं, "आई, सकाळी मी छान दिसत होते?"

"दिसत होतीस."

"आणि आता?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. आतलं सौंदर्य, देवाची नजर, अस्तर. मी ते गिळलं आणि तिच्याकडे नीट बघितलं, माप घेताना बघते तसं. गालावर तेल चकाकत होतं, कानामागे क्रीमचा पट्टा राहिला होता, केस तेलाने चिकटले होते, आणि डाग होता.

"आता केस धुवावे लागतील," मी म्हटलं. "आणि हो. आत्ताही छान दिसतेस."

तिने भुवई उडवली. "खोटं."

"गप गं," मी म्हटलं. "आज तुझ्यासमोर खोटं बोलायची माझी टाप आहे का?"